टाकीच्या परमिटवर सही करण्याआधी: आत न उतरता माणूस वर काढता येईल का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, मी येळ्ळूरचा. बीएस्सी केमिस्ट्री करून दोन वर्षं झाली, जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे. गाळप संपलं, आता ऑफ सिझनची कामं निघालीत. फर्मेंटर (मळी आंबवायची टाकी) आणि मळीची टाकी आतून साफ करायची आहे, स्पेंट वॉशच्या (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याच्या) खड्ड्यातला पंप काढायचा आहे आणि इथेनॉलच्या टाकीजवळ पाइपलाइनचं वेल्डिंग आहे. सेफ्टी ऑफिसर रजेवर आहेत म्हणून परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, सही मला करायला सांगितलीय. कंत्राटदाराची माणसं म्हणतात, दरवर्षी उतरतो, काही होत नाही, वास आला की वर येतो. मी नेमकं काय बघू?"

काका म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहितो. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत सुरुवात केली आणि नंतरची बावीस वर्षं साखर कारखाने नि डिस्टिलऱ्यांत सुरक्षेचंच काम केलं. तुझ्या जागी मीही उभा राहिलोय, हातात परमिटचं पॅड, समोर घाईत असलेला कंत्राटदार.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, तर दुसऱ्या कोणीही आत न जाता त्याला वर ओढता येईल अशी सोय मॅनहोलवर उभी असलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नकोस. मीटर, मास्क, ब्लोअर सगळं हवंच. पण ते सगळं चुकलं तर काय, याचं उत्तर मॅनहोलवरची तिपाई, तिच्यावरची दोर ओढायची विंच आणि माणसाच्या अंगातला पट्टा हेच आहे. ते नसेल तर बाकीचे रकाने कितीही भरलेले असोत, परमिट कोरंच समज.

मी एवढ्या ठामपणे का म्हणतो, ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचं नाव नको. मृग निघायच्या तोंडावर स्पेंट वॉशचा संप, म्हणजे साठवणीचा खड्डा, रिकामा करायचा होता, बारा फूट खोल. पंपाचा फूट व्हॉल्व्ह चोकअप झालेला. एक हेल्पर लोखंडी शिडीनं खाली गेला. शेवटच्या पायरीवरून गाळात पाय टाकला, दोन पावलं चालला आणि बसला. पडला नाही, बसला. चप्पल गाळात रुतली म्हणून ती काढायला वाकावं, तसा. वर त्याचा चुलतभाऊ उभा होता. त्यानं "काय झालं रं?" म्हणून हाक मारली आणि उत्तराची वाट न बघता तो शिडीवरून खाली निघाला. अर्ध्या शिडीवरच तो गळपटला, त्याचा हात पायऱ्यांत अडकून राहिला.

मी पंधरा पावलांवर होतो. धावलो. दुसऱ्यांना हेच शिकवून पगार घेणारा मी, आणि माझा उजवा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. आमच्या एका म्हाताऱ्या फिटरनं मागून माझी कॉलर धरली आणि "होरग बा, होरग बा" (बाहेर ये, बाहेर ये) म्हणत मला मागे ओढलं. माझ्या ट्रेनिंगचं त्याला काही आठवत असेल असं मला वाटत नाही. त्यानं एवढंच बघितलं होतं की खाली गेलेली दोन माणसं बोलत नाहीत. शिडीवर अडकलेल्याला आम्ही बांबूला आकडा लावून शर्टाला धरून ओढला. तो वाचला. गाळात बसलेला वाचला नाही.

बंदिस्त जागेतल्या अपघातात मरणाऱ्यांत वाचवायला गेलेलेच कितीतरी असतात. त्यात भित्रा माणूस नसतो, भाऊ असतो, दोस्त असतो. "धावू नका" असं बोर्डावर लिहून माणूस थांबत नाही. बाहेर उभ्या माणसाच्या हातात फिरवायला विंचचं हँडल असेल, तरच तो थांबतो. हाताला काम मिळालं की पाय आत जात नाहीत.

आता "वास आला की वर येतो" या वाक्याकडे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे खरं. पण अगदी कमी प्रमाणातच. हवेत साधारण १०० ते १५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. म्हणजे वास थांबला याचा अर्थ गॅस गेला असा नाही, नाक गेलं असाही असू शकतो. ७०० ते १००० पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तुमच्या डायजेस्टरच्या (स्पेंट वॉश कुजवून गॅस काढायच्या टाकीच्या) बायोगॅसमध्ये हा वायू पीपीएमच्या नव्हे, टक्क्यांच्या भाषेत असतो, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. मळीत सल्फेट भरपूर, त्यामुळे स्पेंट वॉश जिथं जिथं साचून कुजतो, तिथं हा पाहुणा ठरलेला. हवेपेक्षा थोडा जड आहे, खड्ड्यात बसून राहतो.

आणखी एक बारकावा आहे, जो त्या दिवशी आम्हाला कळला नव्हता. गाळ स्थिर असतो तेव्हा गॅस त्याच्या पोटात बुडबुड्यांच्या रूपात अडकलेला असतो. वरून मीटर सोडला तर आकडा शून्य येईल. माणूस गाळात पाय घालतो, फावडं मारतो, आणि मग तो सुटतो. म्हणून सकाळी नऊला घेतलेलं वाचन हे नऊ वाजताचं वाचन. उतरणाऱ्याच्या छातीवर, नाकापासून वीतभर अंतरात, चालू मीटर लावलेला हवा. आणि शक्य असेल तर गाळ आधी वरूनच पाण्याच्या जेटनं ढवळून, पंपानं ओढून काढा. स्पेंट वॉशच्या पंपासाठी तर मी म्हणेन, माणूस उतरवूच नका. चेन ब्लॉकनं पंप वर घ्या आणि जमिनीवर दुरुस्त करा. पुढच्या वर्षी गाइड रेलवाला सबमर्सिबल (माणूस न उतरता रुळावरून वर ओढता येणारा पंप) बसवा म्हणून आत्ताच लेखी मागणी टाक.

फर्मेंटरची गोष्ट निराळी आहे आणि तिथं चांगली चांगली माणसं फसतात. तुमच्याकडे असेल तो चार गॅसचा मीटर: ऑक्सिजन, एलईएल (पेट घेणारी वाफ किंवा वायू), कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. फर्मेंटरमध्ये मुख्य धोका कोणाचा? कार्बन डायऑक्साइडचा. एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेच्या दीडपट जड, टाकीच्या तळाशी पाण्यासारखा बसतो. आणि तुमचा मीटर तो मोजतच नाही.

लोक म्हणतात, मोजत नसला तरी ऑक्सिजन कमी झालेला दिसेल की. इथंच हिशेब चुकतो. समज, टाकीत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तो सगळ्या हवेची जागा घेतो, फक्त ऑक्सिजनची नाही. म्हणजे २०.९ टक्के ऑक्सिजनचा वीसावा हिस्सा गेला, उरला जवळजवळ १९.९. आपला नियम १९.५ च्या वर चालेल असा. मीटर गप्प, हिरवा दिवा, केमिस्टची सही. आणि कार्बन डायऑक्साइडची जीवाला तत्काळ धोका धरायची पातळी आहे ४ टक्के. तो नुसता हवा ढकलत नाही, स्वतः विषारी आहे. धाप लागते, डोकं गरगरतं, आणि शिडी चढायची ताकद सगळ्यात आधी जाते. म्हणून फर्मेंटरसाठी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेला मीटर माग. तो येईपर्यंत १९.५ च्या रेषेवर विसंबू नकोस. ऑक्सिजन बाहेरच्या हवेइतकाच, २०.९, तळाशी आणि सलग दाखवत असेल तरच पुढचा विचार. २०.३ दिसला तरी विचार, तो अर्धा टक्का कोणी खाल्ला?

मळीच्या टाकीतही हाच प्रकार आडवाटेनं येतो. घट्ट मळी सहसा आंबत नाही. पण तळाला उरलेल्या मळीवर धुवायला पाणी सोडलं, ते काम अर्धवट ठेवून माणसं जेवायला किंवा घरी गेली, की त्या पातळ झालेल्या मळीत रात्रीत आंबणं सुरू होतं. काल संध्याकाळी तपासलेली टाकी आज सकाळी वेगळी टाकी असते. धुणं सुरू केलं की त्याच दिवशी संपवायचं, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सगळी तपासणी पहिल्यापासून.

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे कळत होतं, बरं का. चिकोडी-अथणी भागात पूर्वी जोंधळा पेवात ठेवायचे, कानडीत त्याला हगेव म्हणतात. पेवाचं तोंड उघडल्यावर कोणी लगेच उतरत नसे. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा, विझला तर अजून थांबायचं. धान्यही श्वास घेतं, त्या कोंडलेल्या हवेत हाच कार्बन डायऑक्साइड. मात्र पेवातली ही अक्कल डिस्टिलरीत नेऊ नकोस. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं नाही. हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत मजेत जळत राहील, आणि मिथेन किंवा अल्कोहोलची वाफ असेल तर तो कंदीलच काडी पेटवण्याचं काम करील. ऑफ सिझनमध्ये अजूनही कोणीतरी उदबत्ती लावून खाली सोडताना मी बघितलाय. हात जोडून सांगतो, नको.

मीटरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सही शेवटी त्याच्या भरवशावर होते. मीटर उघड्या, स्वच्छ हवेत चालू करायचा. काही मीटर चालू होताना भोवतालच्या हवेला शून्य धरतात. मॅनहोलच्या तोंडाशी चालू केलास तर घाण हवाच त्याची शुद्ध हवा होईल. कॅलिब्रेशनचं (आकडे जुळवून घेतल्याचं) स्टिकर बघ, पण त्यावर थांबू नकोस. त्या दिवशी कॅलिब्रेशन गॅसचा एक फुसकारा देऊन आकडा चढतो का आणि अलार्म वाजतो का बघ. सेन्सर मेला तरी स्क्रीन छान शून्य दाखवते. नळी लावून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन वाचनं घे, आणि नळीतून हवा यायला वेळ लागतो हे लक्षात ठेव. मी प्रत्येक पातळीला घड्याळ लावून दोन मिनिटं थांबतो. कंत्राटदार तेवढ्यात तीनदा घड्याळ बघतो. बघू दे.

एलईएलचा आकडा काय सांगतो हेही नीट समजून घे. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ टक्के झाली की पेट घेऊ शकते. ती रेषा म्हणजे मीटरवरचे १००. मीटर १० दाखवतो म्हणजे हवेत १० टक्के वाफ असं नाही, पेटायच्या रेषेचा दहावा हिस्सा. १० दिसला की कामं बंद, माणसं बाहेर. वेल्डिंगसाठी मात्र मला शून्यच लागतो. आणखी दोन खोड्या. हे सेन्सर बहुतेक मिथेनवर कॅलिब्रेट केलेले असतात, इथेनॉलला ते खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. आणि नेहमीचा तापणाऱ्या मण्याचा सेन्सर आतल्या आत थोडा गॅस जाळूनच मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन खूप कमी असलेल्या टाकीत एलईएल शून्य दिसला तर ते शून्य खोटं. म्हणून आधी ऑक्सिजन वाचायचा, मग एलईएल, मग विषारी वायू.

व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. व्हॉल्व्ह गळतात, आणि शिफ्ट बदलल्यावर कोणीतरी उघडतातही. टाकीला येणारी प्रत्येक लाइन, अगदी स्टीमची आणि सीआयपीचीसुद्धा (टाकी आतल्या आत धुण्याची), ब्लाइंड (लाइन बंद करणारी लोखंडी चकती) मारून किंवा स्पूल (पाइपचा सुटा तुकडा) काढून तोडायची. ब्लाइंड मोजायचे, परमिटवर संख्या लिहायची. ॲजिटेटरच्या (टाकीतल्या ढवळणीच्या) मोटरचा फ्यूज काढून कुलूप, आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. पॅनेलवर "काम चालू आहे" अशी चिठ्ठी लटकवून भागत नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर कानडी वाचणारा असतो आणि चिठ्ठी इंग्रजीत असते.

हवा खेळवायची तर जड वायू तळातून ओढायचा आणि ताजी हवा वरून येऊ द्यायची. नुसता मॅनहोलवर पंखा ठेवला तर वरची हवा वरच फिरते. ब्लोअर हवा कुठून घेतोय ते बघ. जनरेटरच्या किंवा ट्रॅक्टरच्या धुराजवळून घेत असेल तर तू टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरतोयस. आणि एक जुनी वाईट सवय: आत गुदमरतंय म्हणून वेल्डर कटिंगच्या सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडतात. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत तेलकट सुती शर्ट भडाभडा जळतो. २३.५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन हाही धोकाच. सिलिंडर टाकीत न्यायचेच नाहीत, सुटीत नळ्या आणि टॉर्चही बाहेर काढायचे.

मास्कबद्दल तू विचारलं नाहीस, पण स्टोअरमधून तुला डबीवाले मास्क मिळाले असणार. ती डबी हवा गाळते, हवा देत नाही. ऑक्सिजनच कमी असेल तर ती गळ्यात बांधलेला दागिना आहे. कार्बन डायऑक्साइडलाही ती उपयोगाची नाही. पाठीवरच्या सिलिंडरचा संच लागतो. ६ लिटरची बाटली ३०० बारला भरलेली म्हणजे १८०० लिटर हवा, कागदावर पंचेचाळीस मिनिटं. घाबरलेला, घाम गाळणारा माणूस ती पंचवीस मिनिटांत संपवतो. तो संच पाठीवर घेऊन तुमच्या मॅनहोलातून माणूस जातो का, हे आधी मोकळ्या वेळी करून बघ. आमच्या एका टाकीला जात नव्हता आणि ते आम्हाला मॉक ड्रिलमध्ये कळलं, नशीब.

बाहेर उभा राहणारा माणूस हे परमिटवरचं सगळ्यात महत्त्वाचं नाव. त्याचं काम एकच. तो पाना आणायला जाणार नाही, चहाला जाणार नाही, मोबाइल बघणार नाही, आणि काहीही झालं तरी आत जाणार नाही. दर दोन मिनिटांनी हाक, उत्तर नाही आलं तर विंच फिरवायची, मग विचारायचं काय झालं ते. हे त्याच्या भाषेत सांग. माझ्या टीममध्ये खानापूरकडची मराठी पोरं, गोकाककडचे कानडी फिटर आणि बिहारचे वेल्डर असायचे. इंग्रजी टूलबॉक्स टॉकला सगळे माना हलवायचे. मग मी "ओळग होगब्याड", "आत जायचं नाही", "अंदर मत जाना" असं तिन्ही भाषांत त्यांच्याकडूनच म्हणवून घ्यायला लागलो. हसायचे, पण म्हणायचे. बोर्डही तसेच लाव, ऑइल पेंटनं, मोठ्या अक्षरात. भाषेचं राजकारण गेटाबाहेर ठेवायचं.

टाकीच्या बाजूला मॅनहोल असेल तर तिपाईचा उपयोग नाही, दोरी आडवी ओढावी लागते, कोपऱ्यात अडकते. तिथं आत जाणाऱ्याला हाकेच्या आणि दोरीच्या सरळ रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस. दिवा २४ व्होल्टचा, त्यावरचा नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३६अ कलमानं तो आकडाच घालून दिला होता.

आता इथेनॉल. पेट्रोलशी त्याची तुलना करून लोक त्याला सौम्य समजतात. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवाच्या वरची वाफ एरवी इतकी दाट असते की तिला पेटायला हवाच पुरत नाही. इथेनॉलचं तसं नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, साधारण १३ अंश, आणि तिथून चाळीस-एक अंशांपर्यंत टाकीतली वाफ नेमकी पेटण्याजोग्या पट्ट्यात असते. आपल्या बेळगावच्या जानेवारीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंतचं हवामान अख्खं त्या पट्ट्यात बसतं. म्हणजे तुमची इथेनॉलची टाकी बारा महिने आतून तयार असते, ठिणगीची वाट बघत. म्हणून ब्रीदर व्हॉल्व्ह (टाकीत हवा आत-बाहेर सोडणारा) आणि फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्योत आत जाऊ न देणारी जाळी) यांना जीव लावायचा. ऑफ सिझनमध्ये रंगारी हौसेनं त्यांच्या जाळीवरही सिल्व्हर पेंट मारतात, तेवढं वर चढून बघ. आणि टाकी धुतलेलं पाणी म्हणजे पाणीच, असं समजू नकोस. २० टक्के अल्कोहोल असलेलं पाणीही साधारण ३६ अंशांना पेट घेण्याजोगी वाफ देतं. मेमध्ये गटारातल्या त्या पाण्याला तेवढं ऊन मिळतंच.

वेल्डिंगसाठी माझा पहिला प्रश्न नेहमी असा असतो: तो पाइपचा तुकडा फ्लँज खोलून वर्कशॉपमध्ये नेता येतो का? दहातल्या सात वेळा येतो. कंत्राटदाराला दोन फ्लँज खोलायचा कंटाळा असतो, एवढंच. जागेवरच करायचं झालं तर कुठं जाते वाफ, ते आधी बघ. इथेनॉलची वाफ हवेच्या दीडपटीपेक्षा जड. ती वर तरंगत नाही, जमिनीलगत चालते, केबल ट्रेंचमध्ये नि गटारात शिरते आणि तिसरीकडे उगवते. आणि ठिणग्या उंचावरून पडल्या तर दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात. तेवढ्या टप्प्यातली गटारांची तोंडं वाळूच्या पोत्यांनी बंद, बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) कचरा झाडून काढलेला, वारा टाकीकडून वेल्डरकडे नसावा. बांबूला पांढरा सुती पंचा बांधला तरी वाऱ्याची दिशा कळते. वेल्डिंग मशीनची अर्थ क्लिप कामाच्या जागेलाच लावायची. ती टाकीच्या जिन्याला लावलेली मी बघितलीय, म्हणजे करंट सगळी टाकी फिरून येणार. काम संपल्यावर माणूस पाणी नि एक्स्टिंग्विशर घेऊन तिथं तासभर बसवायचा. आग बऱ्याचदा वेल्डर हात धुवून गेल्यावर लागते.

भर उन्हात इथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसत नाही. आच लागते, हवा थरथरते, गवत करपतं, पण ज्वाळा डोळ्याला येत नाही. पोरांना हे माहीत नसेल तर ती आगीत चालत जातील. आणि फोमचं पिंप बघून ठेव. साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही, विरून जातो. अल्कोहोलला चालणारा वेगळा फोम असतो, पिंपावर तसं लिहिलेलं असतं. नसेल तर तो साठा पेट्रोल पंपाच्या कामाचा, तुमच्या नाही.

   

सहीचं. १९४८ च्या कायद्याचं ३६ वं कलम मला पाठ आहे, कारण ते माझ्या एका चौकशीत मला वाचून दाखवलं होतं. त्यात दोन वाटा दिल्या होत्या. एक तर लायक माणसानं स्वतः केलेल्या तपासणीवरून लेखी दाखला द्यायचा की जागा पुरेशी सुरक्षित आहे, किंवा आत जाणाऱ्यानं श्वसनयंत्र आणि दोरी बांधलेला पट्टा घालायचा, दोरीचं दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात. "स्वतः केलेल्या" या शब्दांवर बोट ठेवून मला विचारलं गेलं होतं. आता जुने कायदे २०२० च्या संहितेत घेतलेत, पण हा प्रश्न कुठल्याही चौकशीत असाच विचारला जाणार. कोणीतरी घेतलेला आकडा केबिनमध्ये ऐकून सही करायची नाही. मॅनहोलपाशी उभं राहून, मीटर स्वतःच्या हातात धरून करायची. आणि तुला बंदिस्त जागेचं प्रशिक्षण दिलेलं नसेल, तर तू तो लायक माणूसच नाहीस. यात कमीपणा काही नाही. तेवढंच मॅनेजरसाहेबांना ईमेलवर लिही: "मला या कामाचं प्रशिक्षण नाही, सेफ्टी ऑफिसर येईपर्यंत किंवा प्रशिक्षित माणूस मिळेपर्यंत प्रवेशाची कामं थांबवावीत." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. लेखी वाक्य आलं की घाई आपोआप कमी होते, हा माझा अनुभव. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीनं कामगारालाही आसन्न धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क दिला होता, ते ४१ह कलम. ते वापरणारा कामगार मी नोकरीत दोनदाच बघितला, आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता.

कंत्राटदाराची माणसं "दरवर्षी उतरतो" म्हणतात, त्यांना खोटं पाडत बसू नकोस. ते खरंच उतरले असतील आणि वरही आले असतील. मी त्यांना चहा देऊन एवढंच विचारायचो, मागच्या वर्षी तू बेशुद्ध पडला असतास तर तुला वर कोणी काढला असता आणि कशानं? बहुतेकांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा तिसऱ्याकडे.

जखमी बाहेर आला तर मोकळ्या हवेत, वारा जिकडून येतो त्या बाजूला न्यायचा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात, आणि तोंडानं तोंडात हवा न भरता बॅग-मास्कनं भरायची. १०८ ला फोन पहिल्या मिनिटालाच लावायचा, कारण तुमच्या कारखान्यापासून बेळगाव लांब आणि उसाच्या रस्त्याची दशा तुला माहीत आहे. मेडिकल रूममधला ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे उतरण्याआधी विचार. आमच्याकडे ती कंपाउंडरकडे असायची आणि कंपाउंडर रविवारी गावी.

शेवटी तिपाई. बाजारात मिळते, पट्टा आणि विंचसकट, भार सहन करायचा आकडा त्यावर कोरलेला असतो. "उद्यमबागेत दोन दिवसांत बनवून देतो साहेब" असं कोणीतरी म्हणेल, आणि आपले फॅब्रिकेटर हुशार आहेत, बनवतीलही. पण ती घेऊ नकोस. विकतची घे, वाळूचं शंभर किलोचं पोतं बांधून खाली सोड आणि एका माणसाकडून वर ओढवून बघ. किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोज. आणि तिपाईच्या पायांच्या पिना बघ. आमच्या तिपाईला एका पिनेच्या जागी वेल्डिंगचा रॉड वाकवून घातला होता. तो मी काढून खिशात घातला आणि त्या दिवशी कोणालाच उतरू दिलं नाही.